तेहतीस अनारसे आणि थापीखालची बाटली

मंडळी, ऐका. आधी एक सवाल टाकते, मग गोष्ट. वर्षातनं एक महिना जो चोरी करत नाही, त्याला साव म्हणायचं का? टाळ खाली ठेव रे बाबा, उत्तर टाळात नाही.

एक होता मच्छिंद्र. फरशी बसवायचा. हात असा, की त्यानं बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलायची नाही. गडी मात्र संध्याकाळी हलायचा. कुणी बोललंच तर उत्तर तयार — मी दारुडा असतो तर श्रावण पाळला असता का? मनात आणलं की सोडतो!

खोटं नव्हता बोलत. खरंच पाळायचा. आषाढाच्या अवसेला गळ्याशी येईस्तोवर प्यायचा, मग महिनाभर कॅलेंडरासमोर उभा. रोज एक फुली. भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिरकावायचा, पोरगी मोठ्यानं हसली की अंगावर धावायचा. घरातली माणसं अकरा महिने दारूला भ्यायची आणि बाराव्या महिन्यात श्रावणाला.

बायको मंदा. एके वर्षी आषाढातच तिनं पोरीला घेतलं आणि आईकडं गेली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, श्रावण संपल्यावरही बंद राहिली तर नांदायला येईन. हा म्हणाला, राहील की, त्यात काय.

आता त्या वर्षी श्रावण आला अधिक. म्हणजे आधी एक वाढीव श्रावण, आणि त्याच्या मागनं खरा. मच्छिंद्रानं कॅलेंडरावर 'श्रावण' वाचलं आणि फुल्या मारायला घेतल्या. मागचं-पुढचं बारीक अक्षर वाचलंच नाही. मी तिसरी शिकलेली बाई, मी वाचते!

अधिकात जावयाला जेवायला बोलवायची रीत. पाय धुवायचे, तेहतीस अनारसे द्यायचे. जावई म्हणजे त्या महिन्यापुरता नारायण. सासू द्वारकाबाई. जिभेला धार, पण रीत मोडायची नाही. तिनं बोलावलं नेमकं अवसेला. मच्छिंद्र आला, खांद्याला हत्यारांची पिशवी. जेवायला येताना हत्यारं कशाला? तर थापीखाली बाटली होती, मंडळी. आदल्या दिवशीच घेऊन ठेवलेली. कारण श्रावण संपणार उजाडायला, आणि दुकान उघडणार दहाला. माणूस नेमाचा.

पाटावर बसला. शेजारी दानासाठी बोलावलेले गुरुजी. सासू परातीत पाय धुवायला लागली. यानं सहज विचारावं तसं विचारलं, "मामी, उद्यापासून भादवा ना?"

"कुठला भादवा? उद्या श्रावण लागतो. हा अधिक होता."

एक पाय धुतलेला, एक कोरडा. मच्छिंद्र वळला गुरुजींकडं. म्हणाला, अधिकात व्रत पाळलं तर चालतं का?

गुरुजींनी विचारलं, "कसलं व्रत?"

"दारूचं."

"घ्यायचं, का न घ्यायचं?"

"न घ्यायचं."

"नेमाचा श्रावण निजाचा, बाबा. उद्यापासूनचा."

"मग माझे एकोणतीस दिवस फुकट गेले?"

गुरुजी म्हणाले, "मजुरीवर सोडली होतीस का?"

हसा, हसा. मच्छिंद्राला हसू नाही आलं. अजून तीस दिवस — आणि त्याचा हात पिशवीकडं गेला. यानं नेला नाही, आपसूक गेला. सासू, बायको, पोरगी, गुरुजी, सगळ्यांच्या देखत. एक पाय परातीत असताना! त्यानं खाली आपल्याच हाताकडं बघितलं, आणि तिथं त्याला कळलं. इतके श्रावण त्यानं दारू सोडलीच नव्हती. तिची वाट बघत बसला होता.

"मंदे, पिशवीत आहे," तो म्हणाला. "तू काढ. मी काढली तर उघडीन."

मंदानं काढली, मोरीत ओतली. मग तो सासूला म्हणाला, "मामी, मला एकट्याला हे जमत नाही."

द्वारकाबाईनं दुसरा पाय धुतला, पुसला. "पाय नारायणाचे होते, ते धुतले. वरचा गडी दवाखान्यात न्यावा लागेल." तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी व्यसनाचे डॉक्टर बसतात, हे तिला ठाऊक होतं. तिचा नवरा त्या दारापर्यंत पोचला नव्हता.

मंदा म्हणाली, "मी येते. घरी नाही, दवाखान्यात."

मंगळवारी डॉक्टरांनी विचारलं, कधीपर्यंत सोडायचीय? मच्छिंद्रानं तिथी सांगायला तोंड उघडलं, तर एकही तिथी सापडेना. शेवटी म्हणाला, "आज नाही घेणार. उद्याचं उद्या सांगतो." डॉक्टर म्हणाले, मग पुढच्या मंगळवारी या.

मंदा कधी नांदायला आली? दिवाळी झाल्यावर. मधे एकदा सोमवारी तो घसरला. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायानं जाऊन डॉक्टरांना आणि मंदाला सांगून आला. श्रावण पाळला म्हणून नाही आली ती. सांगितलं म्हणून आली.

आता तुमच्याकडं वळते. मागं खांबाला टेकलेत ते सोमवारी घेत नाहीत. हे पुढचे चतुर्थीला घेत नाहीत. वार सांगू नका मला, हात कुठं जातो ते बघा. आणि रोज घेणाऱ्यानं मर्दुमकी म्हणून घरच्या घरी एकदम तोडू नये, त्यानं जीव जातो. डॉक्टरांना विचारून तोडायची. बायांनो, "त्यांना बरं नाही" असं कामावर कळवणं तुम्हीही थांबवा.

आरती होईल, प्रसाद घ्या. माझ्या पाया पडायला मात्र रांग लावू नका. रांग मंगळवारी सकाळी नऊला, केसपेपरच्या खिडकीशी लागते. तिथं उभे राहा.