मास्तरांना माझ्यासाठी घालवू नका

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या कारखान्याच्या मालकीणबाई. व्यासपीठावर बसलेले मॅनेजरसाहेब. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते शिलाई विभागाचे मास्तर. आणि मशिनी बंद ठेवून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी कटिंगवाला, मापात बोलणारा. पण आज कापड जरा जास्त जाईल. सांभाळून घ्यावं.

मास्तर स्वेच्छेने निवृत्त होत आहेत, असं मागच्या फलकावर लिहिलंय. स्वेच्छा कुणाची, हे लिहायला बहुधा जागा पुरली नाही. आपल्यातल्या निम्म्या लोकांना मास्तरांनी हात धरून सरळ शिवण घालायला शिकवलं. त्यांच्या कामात खोट काढणारी एकच व्यक्ती होती, इस्त्री विभागातली माझी बायको. घरी तिचं ऐकायचं काम माझ्याकडे होतं.

गेल्या वर्षी मास्तरांच्या धाकट्या मुलाने बाजारात बॉम्ब ठेवला. तो त्यात मेला, आणि इतरांबरोबर माझी बायकोही गेली. हे वाक्य या कारखान्यात आजवर कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, म्हणून मी बोललो.

त्यानंतर आपण काय केलं? मास्तरांच्या शेजारी कुणी जेवायला बसेना. फाटकावर फक्त त्यांचीच पिशवी उघडून बघायला लागलो. त्यांच्या नातीच्या बाकावर शाळेत कुणी बसत नाही. त्या पोरीने कुणाचं काय घोडं मारलं होतं? उद्या कुणी तिच्याशी गोड बोलायला आलं, तर ती कुणाचं ऐकेल, याचा विचार केलाय?

मीही बोलत नव्हतो. मग एकदा मागच्या जिन्यावर ते एकटे जेवत होते, तिथे भांडायच्या तयारीनेच गेलो. विचारलं, "का केलं त्याने?"

डबा बाजूला ठेवून ते म्हणाले, "तुम्हाला कळलं तर मलाही सांगा."

तेव्हापासून आम्ही रोज तिथे बसतो. टीव्हीवरचे जाणकार गरिबी म्हणतात. मास्तरांच्या घरी कुणी उपाशी झोपलं नाही. कुणी अज्ञान म्हणतं. पोरगा पदवीधर होता. मास्तरांनी सांगितलं, एकदा दंगलीनंतर पोलिसांनी त्याला विनाकारण उचलून बदडलं होतं. घरी आल्यावर तो दाराकडे तोंड करून जेवायला बसायचा. पुढे त्याच्या रागाला शाबासकी देणारे कुणी भेटले. मी म्हटलं, पोलिसांनी त्याच्याबरोबर आणखी पोरं उचलली होती ना, त्यांचं काय झालं?

"एकाचं दुकान आहे, एक बस चालवतो," मास्तर म्हणाले. "मार सगळ्यांनी खाल्ला. माझाच असा निघाला." आणि ढसाढसा रडले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. दोन्ही एका वेळी येतात, हे मला माहीत नव्हतं.

परवा मॅनेजरसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुम्हाला रोज त्यांचं तोंड बघायला लागू नये, म्हणून हे करतोय. साहेब, भावना चांगली होती. पण मला विचारलंत का? माझ्या मेलेल्या बायकोचं नाव पुढे करून कुणाच्या पोटावर पाय देऊ नका. तिला ते चाललं नसतं.

मास्तर, मी तुमच्या मुलाला माफ केलेलं नाही. करीन असं वाटतही नाही. तुम्ही तशी मागणी कधी केली नाहीत, म्हणून तर तुमच्या शेजारी मला बसवतं. घरी तिचा विषय काढला की पोरं ताटावरून उठतात. ती का गेली, हे इतरांना कळून चुकलंय. आपल्या दोघांना अजून कळलेलं नाही. तुम्ही गेलात तर मी कुणाला विचारू?

हे घड्याळ तुमच्या हातात द्यायला मला सांगितलं होतं. मी देणार नाही. मालकीणबाई, ते टेबलावर ठेवतोय. उद्या मास्तर कामावर नसतील, तर कटिंगलाही दुसरा माणूस बघा.

मला बोलू दिलंत, तुमचे आभार मानतो. बोलण्याच्या भरात काही चुकलंमाकलं असेल, तर माफ करा. मला ते जमलेलं नाही, तुम्हाला जमावं.