सासूची बोलणी आणि देवीची ओटी

माजं माहेर राजापुराकडचं, लगीन होऊन हितं संगमेश्वराच्या वरल्या गावात आले, मालक मुंबयला कामाला, आनि पोर पाळन्यात असतानाच ते तिकडं वारले. मग घरात सासू, सासरे, पोर आनि मी. काय सांगू तुमाला, सासूबाय तोंडाची लय तिखट. कुंकू पुसलेल्या बाईनं देवाच्या म्होरं येव नये, असं विहिरीवर चारचौघींत सांगायची, मी तितंच घागर घेऊन उभी असले तरी. लय रडलेय मी.

पन शिमग्याला देवीची पालखी आमच्या अंगनात आली, ढोल वाजतोय, घरच्या सवाष्नीनं ओटी भरायची, मान सासूचा, तर ती मलाच म्हनते, घे ते ताट, माजे गुडघे धरलेत. गुडघे कसले धरतायत, सकाळीच लाकडाचा भारा आनलेला तिनं. मी म्हनलं, आई, मी कशी भरू? तर म्हनाली, घरात राबतेस तू, मग ओटी काय शेजारीन भरनार? भर गुमान. दर साली तिचं नवीन दुखनं. आनि दुसऱ्या दिवशी विहिरीवर परत तीच बडबड. आता आठवलं की हसू येतं, मग रडू येतं.

ती गेल्यावर ओटी भावकीतल्या बायका भरायच्या, मी पडवीतनं हात जोडायची. मग गेल्या साली ग्रामसभेत ठराव झाला, विधवांना सगळा मान द्यायचा. बचत गटाची अध्यक्षीन, आमच्या वाडीचीच सून, काय बोलली म्हनून सांगू, म्हनाली काकी आमच्या आईसारख्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पन.

म्हनून औंदा मी नवीन खन आनला, ताट घेऊन सकाळपासनं बसले. पालखी आली, आनि तीच अध्यक्षीन धावत आली, ताट हळूच माज्या हातातनं काढून घेतलं. काकी, उनात कशाला, तुमी सावलीत बसा, मी भरते. इतकी गोड बोलली. टाळ्या वाजवनारे सगळे ढोलाकडं बगत उभे. मग म्हनलं, बाय, ऊन मला रोजचंच हाय, दे ताट. आनि घेतलं. भरली ओटी.

तिनं मोबाईलवर फोटो काढला. गावाच्या ग्रुपवर टाकलाय, खाली लिवलंय, आमच्या गावात भेदभाव नाही. ऱ्हावू दे, देवी तिचं भलं करो. फोटो बरा आलाय. सासूबाय असती तर म्हनाली असती, मेले, पदर तरी नीट घे.