बाकी आठ

जुळे सोलापुरातल्या मोबाइलच्या दुकानात रांगेत माझ्यापुढं एक नवरा-बायको उभे होते.

"भार्गवी, तुझ्या नंबरची एक आकडा उरेपर्यंत बेरीज कर. आठ येते. आठ म्हणजे शनी. गुरुजी म्हणालेत, हा नंबर बदलल्याशिवाय घराला शांतता नाही."

"बेरीज म्हणजे नवानं भागून उरलेली बाकी. सातवीला शिकवते की मी. दहाही आकडे कसेही फिरवा, बाकी आठच राहते. त्यात शनी कुठून आला?"

"झालं तुझं गणित?"

"नाही. काल तुमच्या नंबरलाही भागून बघितलं. तिथंही आठच उरतात."

"माझा राहू दे. मला कोण दिवसातून वीसदा फोन करतंय?"

"आई करते, तेच ना? अहो, तिला आता माझं नावसुद्धा आठवत नाही. पण दहाच्या दहा आकडे बिनचूक लावते. नवा नंबर तिच्या डोक्यात बसायचा नाही."

"माहितेय. डॉक्टर माझ्यासमोरच बोलले की."

"मग?"

"मग काय. आपला नंबर आला, पुढं सरक."