काचा खाली करून

आजी: टॉर्चचा उजेड हलतोय.

आजोबा: हात हलतोय. उजेड बिचारा काय करणार?

आजी: अहो, चुकून गेलं तोंडातून. राहू द्या तसाच. उलट त्याने सगळे कोपरे दिसतायत.

आजोबा: गोड बोलू नकोस, बॉनेटखाली बघ. काय दिसतंय?

आजी: काळं, मातकट, डब्याएवढं धूड. त्यातून दोन पाइप निघालेत आणि समोर एक चाक आहे.

आजोबा: चाक नाही, पुली. हाच तो एसीचा कॉम्प्रेसर. पुलीच्या पुढे चकती आहे बघ, ती हाताने फिरव.

आजी: नाही फिरत.

आजोबा: जोर लाव.

आजी: जोर लावूनच बोलतेय. भिंत ढकलल्यासारखं वाटतंय.

आजोबा: मग आतून जाम झालाय. म्हणजे मी म्हणत होतो तेच. फ्यूज चांगला, करंट पोचतोय, बटण दाबलं की टक्‌ आवाजही येतो. पण आतलं काही फिरत नाही. म्हणून तर परवा बेल्ट किंचाळला आणि जळका वास आला.

आजी: नात बघायला निघालो आणि वाटेतच धूर! मी तर देवाचं नाव घ्यायला लागले होते.

आजोबा: तू ड्रायव्हरचं डोकं खात होतीस. देवाचं नाव मी घेत होतो. चल, बेल्ट ढिला कर. मोठा पाना. डावीकडे दाबून धर आणि बेल्ट काढ.

आजी: मोठा कुठला? हा?

आजोबा: त्याच्या शेजारचा.

आजी: पूर्वी अशा वेळी ओरडायचात तुम्ही माझ्यावर. “टॉर्च माझ्या तोंडावर नको मारूस, नटावर मार!” सगळा संसार मी टॉर्च धरण्यात घालवला.

आजोबा: आत्ता मी कुठे ओरडलो?

आजी: नाही ओरडलात. तेच जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय.

आजोबा: पाइपाचे बोल्ट सोड. घाबरू नकोस, सकाळी एसीवाल्याने गॅस काढून घेतलाय. आत काही राहिलेलं नाही.

आजी: सुटला. दुसराही सुटला. आता?

आजोबा: पाइपाच्या तोंडात बोट फिरव. चुरा लागतो का हाताला?

आजी: नाही. नुसता ओशटपणा आहे, तोही नावाला.

आजोबा: चुरा नाही हे नशीब. पण तेल नाही, तिथेच घोळ झाला. दोन्ही तोंडं फडक्याने बांध, धूळ जायला नको.

आजी: तेल गेलं कुठे पण? खाली तर कधी डाग दिसला नाही.

आजोबा: एसी चालला की गॅसबरोबर तेल फिरतं. वर्षानुवर्षं लावलाच नाही तर आतलं रबर सुकतं, मग गॅस हळूहळू जातो आणि जाताना तेल घेऊन जातो. परवा त्या ड्रायव्हरने बसल्या बसल्या फुल्ल लावला. कोरड्या घशाने किती वेळ ओरडणार तो?

आजी: म्हणजे वापरून नाही, न वापरून गेला?

आजोबा: हो.

आजी: मग घ्या! तुमच्या पेट्रोल वाचवण्याने गेला म्हणायचा.

आजोबा: माझ्या? मी कधी पेट्रोल वाचवलं?

आजी: इतकी वर्षं काचा खाली करून हिंडलो ते काय हौस म्हणून? धूळ खाल्ली, घाम पुसला, केसांचं घरटं झालं. कधी तोंडातून चकार शब्द काढला नाही. म्हटलं, माणूस काटकसरी आहे, त्याला कशाला बोलायचं.

आजोबा: अगं, तुझा कान दुखतो ना गार वाऱ्याने!

आजी: माझा कान?

आजोबा: डावा. टोपी घालून झोपायचीस. एकदा पंख्याखाली बसलीस तर रात्रभर कण्हत होतीस. म्हणून मी एसीच्या बटणाला हात लावला नाही.

आजी: अहो, तो कान लेकीच्या वेळी दुखत होता. बाळंतपणानंतर. त्या लेकीला आता लेक झाली!

आजोबा: मग सांगायचं नाही का, बरा झाला म्हणून?

आजी: तुम्ही विचारलंत कधी?

आजोबा: विचारायचं काय त्यात? काळजी घ्यायची होती, घेतली.

आजी: तुम्हाला उकडायचं?

आजोबा: जीव जायचा. पाठ अशी चिकटायची सीटला.

आजी: माझीही.

आजोबा: हसू नकोस. पाना निसटेल हातातून.

आजी: हसू नको तर काय करू? दोघंही एकमेकांसाठी उकडत बसलो आणि बिचारा हा गेला!

आजोबा: चार बोल्ट आहेत त्याला. खालचे दोन आधी काढ. शेवटचा सोडताना दुसऱ्या हाताने खालून धर, जड आहे. तुझ्या पायावर पडला तर लेक मला घरात घेणार नाही.

आजी: आला. आई गं, काय वजन आहे! हे घ्या... नको, नको, तुम्ही नका घेऊ. मीच ठेवते.

आजोबा: ठेव.

आजी: रागावलात?

आजोबा: नाही. नवा उचल. त्याच्या रबरी रिंगांना तेल लाव आणि बसव. आणि ऐक, उद्या दहाला ड्रायव्हर येतोय. समोरच्यांचा, परवाचाच. सांगून ठेवलंय.

आजी: कशाला?

आजोबा: लेकीला आणि बाळाला आणायला. आणखी कशाला?

आजी: मग मी लायसन्स काय कपाटात ठेवायला काढलं? रोज बाजारात गाडी नेते, बँकेत नेते. तुमच्या गोळ्या आणायला नेते. एकदा तरी कुठे ठोकली?

आजोबा: तसं नाही गं.

आजी: मग कसं? माझ्याच नातीला मी आणू शकत नाही, एवढाच विश्वास?

आजोबा: विश्वास आहे. पूर्ण आहे. आधी वरचा बोल्ट लाव, मग बोल.

आजी: लावला. बोला.

आजोबा: घट्ट?

आजी: घट्ट. विषय बदलू नका.

आजोबा: ड्रायव्हर असला की मी मागे बसतो. एखाद्या साहेबासारखा. बघणाऱ्याला वाटतं, माणसाने ड्रायव्हर ठेवलाय. तू चालवलीस तर मला पुढे बसावं लागेल. तुझ्या जागेवर.

आजी: माझ्या जागेवर बसायची लाज वाटते?

आजोबा: लाज नाही. भीती वाटते. तिथे बसलो की मला स्वतःलाच मान्य करावं लागेल, आता परत चालवायची नाही म्हणून. डॉक्टर बोलले, मी मान हलवली, घरी आलो. पण मनातून अजून वाटतं की आज ना उद्या थांबेल हा हात.

आजी: इकडे द्या तो हात.

आजोबा: तुझे तेलकट आहेत.

आजी: असू देत. मलाही वाटतं थांबेल म्हणून. सकाळी तुम्ही चहाचा कप उचलता ना, तेव्हा मी रोज बघते. रोज वाटतं, आज कमी आहे.

आजोबा: असतो का कमी?

आजी: नसतो.

आजोबा: मला वाटायचं तू पेपर वाचतेस.

आजी: पेपरात काय असतं वाचण्यासारखं? हे बघा, ती माझी जागा आहे म्हणता, तर मी सांगते तिथे काय असतं. एवढी वर्षं बसले तिथे. काही कमी वाटलं नाही मला. तुम्ही शेजारी होतात.

आजोबा: वायरची क्लिप लाव. आवाज आला पाहिजे.

आजी: आला.

आजोबा: बेल्ट चढव. आणि चकती हाताने फिरवून बघ. सावकाश.

आजी: फिरतेय! अहो, लोण्यासारखी फिरतेय.

आजोबा: झालं तर मग. पोरगी शिकली.

(एसीवाला संध्याकाळी पाइपांतली हवा काढून, नवा गॅस भरून गेल्यानंतर. गाडी सुरू आहे.)

आजी: या इकडे, खिडकीपाशी. हात धरा झरोक्यासमोर.

आजोबा: गार आहे. चांगला गार आहे. आवाजही साफ येतोय. पोरीला उकडणार नाही उद्या.

आजी: मग उभे का बाहेर? एक चक्कर मारून येऊ. चढावर कसा चालतो ते बघायला नको?

आजोबा: तू ये जाऊन. मी हत्यारं आवरतो.

आजी: हत्यारं कुठे पळून जात नाहीत. मी काही बोलत नाही. दार उघडं आहे, वाटलं तर बसा.

आजोबा: दार उघडं ठेवलंस तर गारवा जाईल सगळा.

आजी: जाऊ दे.

आजोबा: हट्टी आहेस.

आजी: आहेच.

आजोबा: हा बघ, बसलो. दार लावतो.

आजी: पट्टा लावा. नाही जमत? थांबा, द्या माझ्याकडे. आणि सारखं माझ्या पायांकडे बघू नका, ब्रेक कुठे असतो ते मला माहीत आहे.

आजोबा: वळणावर हॉर्न दे.

आजी: देते.

आजोबा: गिअर उशिरा बदलतेस.

आजी: बदलते.

आजोबा: जरा फोन लावून दे मला. समोरच्यांचा ड्रायव्हर. मला बटणं नीट दाबता येत नाहीत.

आजी: गाडी बाजूला घेते. हं, घ्या, लागलाय.

आजोबा: हॅलो, हो, मीच बोलतोय. उद्या येऊ नकोस बाबा. नाही नाही, रागावलो नाही. दुसरी सोय झाली, घरचंच माणूस आहे. हो, चांगली चालवते. आत्ता शेजारीच बसलोय तिच्या.