लाल गाडीची डावी बाजू

शिवहार : पण स्टार्ट करायच्या आधी बोनेटवर हात काहून ठेवायला लावला, योगेशभाऊ?

योगेश : गार हाय का बघा म्हणून. विकणारा माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतो. तापल्यावर सगळ्याच गाड्या गोड बोलतेत. खरं काय ते गार इंजिनावरच कळतं.

शिवहार : गार हाय की. दगडावानी.

योगेश : परवापासून चालूच केली न्हाई. आता बसा अन् मारा स्टार्टर. रेसवर पाय दाबू नका. आई, तू मागं उभी राह्य. धूर कसा निघतो ते सांग आम्हाला.

अनुसयाबाई : मला काय कळतंय त्यातलं? तूच बघ की.

योगेश : रंग तेवढा सांग गं. मारा, शिवहारभाऊ.

अनुसयाबाई : जराक पांढरा निघाला. गेला बी लगेच.

योगेश : निळा न्हाई ना?

अनुसयाबाई : न्हाई रं बाबा. आता तर काहीच निघून न्हाई राहिलं.

योगेश : निळा निघाला असता तर इंजिन ऑइल पिऊन राहिलंय म्हणायचं. अशा गाड्या जवान पोरं घेतेत, मरेस्तोवर पळवतेत, अन् ऑइल बदलायचं इसरतेत. वरून चकाचक, आतून खलास. म्या नांदेडला शोरूममधी सहा वर्षं हेच बघितलं.

शिवहार : मावशी, माझा कनेरगाव नाक्यावर ढाबा हाय. ल्हानपणापासून बापाच्या ढाब्यावर लोकाच्या गाड्या पुसल्या. अशी लाल, बसकी, टर्बोवाली गाडी आली की मी काच पुसता पुसता आतलं मीटर बघत राहायचो. कोणी कवा बस म्हणलं न्हाई.

अनुसयाबाई : आता बस की मग. आपलीच समज.

योगेश : थोडी रेस करा. ऐकलं? बारीक फुंकर मारल्यागत आवाज येतो तो टर्बोचा. चांगला हाय. शिट्टी कर्कश झाली, नाहीतर खरखर आली, तर हात जोडायचे अन् निघायचं.

शिवहार : तुमी तर विकायला बसले की मला शिकवायला?

योगेश : दोन्ही. ज्याला कळतं त्याच्याकडंच ती टिकंल.

शिवहार : एक इचारू? राग नका मानू. ही डावी बाजू... इकडचा लाल रंग जराक काळपट दिसून राहिला मला.

योगेश : बराबर पकडलं. चाकावरचा पत्रा अन् पुढचा दरवाजा, दोन्ही रंगवलेले हायत. बोनेट उघडा. त्या पत्र्याच्या बोल्टवर पान्याच्या खुणा दिसतील. कंपनीच्या बोल्टचा रंग कवा उडत न्हाई. उडाला म्हणजे कोणीतरी खोलला.

शिवहार : हाव, दिसल्या खुणा. म्हणजे ठोकलेली हाय गाडी.

अनुसयाबाई : ठोकली कशाची! जनावर आडवं आलं होतं. जरासं घासलं.

योगेश : घासलं न्हाई, ठोकली. पण आतला सांगाडा सरळ हाय. हात घालून बघा, कुठं वाकडं, कुठं नवं वेल्डिंग लागतंय का. पुढचे टायर बी बघा. दोन्ही बाजूनं सारखे घासलेत. सांगाडा वाकला असता तर एकाच कडेनं खाल्ले असते.

शिवहार : टायर सारखे हायत. ठीक. आता असं करा भाऊ, तुमी बसा स्टेरिंगवर. एक चक्कर मारून दाखवा मला, नाक्याच्या पोरानं कवा पाहिली नसंल अशी.

योगेश : तुमीच चालवा. तुमाला घ्यायची हाय.

शिवहार : मी चालवीनच. पयले तुमी. तुमचा हात बसलेला हाय तिच्यावर.

योगेश : नको.

शिवहार : काहून नको?

अनुसयाबाई : हात दुखून राहिला त्याचा. चार दिस झाले.

शिवहार : मावशी, आताच तर त्यायनं एका हातानं बोनेट उचललं. हे बघा, मी व्हिडिओ बघून आलो. मालक स्वतः चालवून दाखवत न्हाई त्या गाडीत नक्की काहीतरी खोट असते, असं म्हणतेत. जनावर म्हणता तुमी. खरं सांगा, माणूस गेला का हिच्याखाली कोणी? तसं असंल तर मला नको. माझ्या घरी ल्हान लेकरं हायत.

योगेश : न्हाई हो!

शिवहार : मग?

अनुसयाबाई : योगेश, गप. जाऊ दे त्यांना. दुसरं गिऱ्हाईक येईल.

योगेश : कितींना जाऊ देऊ आई? हे तिसरे हायत. दोघं गाडीला नावं ठेवून गेले. गाडीत खोट न्हाई. तिनं काय केलं?

अनुसयाबाई : गाडीच्या नावाचं पडलंय तुला, अन् घरातल्या पोरीचं? ह्यांचा ढाबा हाय रं. सारी दुनिया बसती तिथं. एक शब्द निघाला की पुसदपस्तोर जाईल.

शिवहार : मावशी, काय झालंय? मी चहा इकतो, लोकाची गोष्ट इकत न्हाई.

योगेश : शिवहारभाऊ, तुमी आता कुठं उभे हायत? माझ्या डाव्या अंगाला का उजव्या?

शिवहार : डाव्या. हा काय, हाताभरावर.

योगेश : मला दिसत न्हाई तुमी. समोर आले तर तेवढं तोंड दिसतं. नळीतून बघितल्यावानी. अन् आता दिवस कलला की ती नळी बी बुजते.

शिवहार : काय बोलून राहिले तुमी...

योगेश : गेल्या साली दिवाळीला नांदेडहून येत होतो. दिवस मावळायचा टाइम. नरसीच्या अलीकडं आमचे बापू, माझे वडील, मेंढरं घेऊन डाव्या कडेनं चालले होते. आमचीच मेंढरं. रस्ता मोकळा दिसत होता मला, देवाशप्पथ मोकळा. धडकल्यावर कळलं. दोन मेंढ्या गेल्या, एक गाभण होती. बापू नालीत पडला म्हणून वाचला.

शिवहार : अरे बापा.

योगेश : बापू उठला अन् पयले माझं तोंड हुंगलं. वास लागला न्हाई तवा त्याचा चेहरा उतरला. दारू निघाली असती तर दोन काठ्या मारून मोकळा झाला असता.

अनुसयाबाई : नको सांगू रं आता.

योगेश : मेंढराची नजर गेली की बापू त्याच्या कानामागून हात फिरवून बघतो. तसाच माझ्या कानापासून हात आणला त्यानं. म्हणला, दिसला की सांग. मी वाट बघत राहिलो. हात नाकासमोर आला तवा म्हणलं, दिसला. मग बापू तिथंच बसला, मेलेल्या मेंढीपाशी.

शिवहार : दवाखाना?

योगेश : संभाजीनगरला तीनदा गेलो. डोळ्याचा पडदा वाळून चाललाय म्हणतेत. औषध न्हाई. नोकरी त्यानंतर सुटलीच. टेस्ट ड्राइव्ह घेता येईना, तर शोरूमला काय करू?

अनुसयाबाई : माझ्या माहेरचं हाय ते. माझा भाऊ वसराम असाच. दिवस बुडाला की खाटंवरून उठायचा न्हाई, पुढं पुरताच आंधळा झाला. डॉक्टर म्हणले, हे आईकडून येतं. लेकराला दूध पाजलं तवा काय म्हाईत, संगं काय दिलं म्या.

योगेश : आई, तू काही दिलं न्हाई.

अनुसयाबाई : अन् रागिणीचं काय? भाऊ आंधळा होऊन राहिला म्हणल्यावर कोण करंल तिला? पुसदचे लोक पुढच्या आठवड्यात सुपारी फोडायला येणार. म्हणून आवळून धरलं होतं सगळं.

योगेश : आई... रागिणीनं सांगितलं त्या पोराला.

अनुसयाबाई : काय?

योगेश : फोनवर. सगळं सांगितलं तिनं. माझं बी, वसराममामाचं बी. म्हणली, लपवून गेले तर जलमभर मान खाली घालून राहावं लागंल.

अनुसयाबाई : कवा सांगितलं? अन् तो काय म्हणला?

योगेश : घरी इचारतो म्हणला. तवापासून त्याचा फोन न्हाई. हिनं लावला तर उचलत न्हाई.

अनुसयाबाई : माय गं...

योगेश : तुला आज-उद्या सांगणारच होती ती. रडून राहिली होती, पण पस्तावली न्हाई.

शिवहार : बसा मावशी, बसा इथं पायरीवर. पाणी आणू का? माठ कुठं हाय?

अनुसयाबाई : नको बाबा. तू पाव्हणा. तुला चहा सुदिक दिला न्हाई म्या.

शिवहार : चहाचं सोडा. माझ्या तोंडून एक शब्द जाणार न्हाई. पण मावशी, खरं सांगू? पोरीनं बराबर केलं. आज उचलत न्हाई फोन, तो लग्नानंतर हात काय धरणार होता?

अनुसयाबाई : तुझं खरं हाय लेकरा. पण पुसदच्या लोकांना आता काय सांगू? जा, तुमी दोघं चक्कर मारून या. अंधार पडायच्या आत या.

(शिवहार गाडी चालवतो आहे. शेजारी योगेश. आई घरीच थांबली आहे.)

योगेश : क्लच कुठं धरतो? पाय निम्मा सुटल्यावर का पार वर आल्यावर?

शिवहार : निम्म्यावर.

योगेश : मग क्लचप्लेट अजून हाय. रस्ता सरळ आला ना? स्टेरिंग एक क्षण ढिलं सोडा. गाडी कडेला ओढते का?

शिवहार : न्हाई. नाकासमोर चालली.

योगेश : आता मागं कोणी नसंल तर ब्रेक जोरात दाबा. ... थरथरली न्हाई ना? बस. हे सगळं दुसरी कोणतीबी गाडी घेताना असंच बघायचं. अन् मालकाच्या बोलण्यावर जायचं न्हाई.

शिवहार : तुमच्या बोलण्यावर तर चाललोच मी.

योगेश : पुढं मोकळं हाय का?

शिवहार : मोकळं हाय.

योगेश : नीट बघून सांगा. कडेला माणूस, जनावर?

शिवहार : कोणी न्हाई भाऊ. दोन्ही कडा बघितल्या. निसतं सोयाबीनचं रान हाय.

योगेश : तिसऱ्यात घ्या. अन् दाबा.

शिवहार : पुरा?

योगेश : पुरा. एकदाच.

शिवहार : अरे... अरे बापरे! पाठच चिकटली सीटला!

योगेश : टर्बो धरला तिनं. असाच धरते. आधी इचार केल्यागत करते, अन् मग...

शिवहार : योगेशभाऊ? काय झालं? हळू करू का?

योगेश : करा हळू. पुढं फाट्याच्या आधी खड्डा हाय, डावीकडून घ्या.

शिवहार : ... रस्त्यानं कोणी बघत न्हाई. रडून घ्या. मी काच वर करतो.

योगेश : शोरूमला आली तवा हिच्यात कोणी जीव घालत नव्हतं. एक्स्चेंजमधी आलेली, धूळ खात पडलेली. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन हिचे ब्रेक बसवले. मग मीच घेतली. पयल्यांदा चावी हातात आली तवा बापूला फोन केला होता. म्हणला, मेंढपाळाच्या पोराला एवढी बुटकी गाडी कशाला, वाकून बसावं लागंल! अन् पयल्या दिवशी सगळ्यात जास्त तोच फिरला हिच्यात. पटका काढून मांडीवर ठेवला, वर टेकत होता म्हणून.

शिवहार : आज काहून थांबले न्हाई ते?

योगेश : सकाळीच गेला मेंढरं घेऊन. भाव तुमच्याशी फोनवर ठरवला, अन् म्हणला, तिला जाताना मी बघत न्हाई.

शिवहार : मग तुमी आता काय करणार?

योगेश : बापू म्हणतो, संगं चल रानात. मेंढरं पुढं, माणूस मागं. संध्याकाळी वाट त्यायला पाठ असते, तीच आणतील तुला घरी. मी हो म्हणलं न्हाई अजून.

शिवहार : नाक्यावर येत जा. कवा बी. हिच्यातच बसवून फिरवतो तुमाला.

योगेश : नका बोलावू, शिवहारभाऊ. तुमी मनानं बोलले, पण नका. मला परत परत उतरावं लागंल हिच्यातून.

शिवहार : ... बरं. न्हाई बोलवत.

योगेश : आलं ना घर? बंद करू नका लगेच. लांबून पळून आली की थोडा वेळ तशीच चालू ठेवायची, टर्बो थंड होऊ द्यायचा. हे तेवढं ध्यानात ठेवा. लोक हेच करत न्हाईत.

शिवहार : ठेवीन. गाडी पक्की भाऊ, घेऊनच जातो. मावशी, येतो आता. कागदाचं सोमवारी हिंगोलीला आरटीओत करू. योगेशभाऊला मी घ्यायला येईन... म्हणजे, भावाची जीप घेऊन येईन.

अनुसयाबाई : थांब. हळदीकुंकू लावते तिला. घरातून चालली, तशीच कशी जाऊ देऊ? ... जा बाबा. बेतानं जा. कडेनं मेंढरं असतेत ह्या टायमाला.

शिवहार : हाव मावशी. डावीकडं बघत जाईन.

योगेश : दुसरी चावी पुढच्या खणात हाय.

शिवहार : घेतली. येतो भाऊ.

योगेश : या.

अनुसयाबाई : चल आत. गारठा पडून राहिला.

योगेश : जरा थांब. ... आवाज येईना झाला. गेली का गं?

अनुसयाबाई : (रिकाम्या रस्त्याकडे बघत) न्हाई रं. हाय अजून. देवळापाशी उभी दिसून राहिली.

योगेश : बरं. मग थांबू जरा.