खालच्या पट्टीतली गिटार

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, तीन जिने चढून अजून धापा टाकणारे आपल्या मंडळाचे गायक, आणि ज्यांना निरोप द्यायला जमलो त्या गिटार घडवणाऱ्या मावशी,

अध्यक्षांनी घड्याळ माझ्याकडे तोंड करून ठेवलंय. ओळखतात ते मला.

चळवळीची गाणी गाणाऱ्या या मंडळाचा मी चालक. माझा सिद्धांत एकच: जोश असेल तर सूर वरच जातो! अन्याय कधी कुजबुजीनं हटलाय का? म्हणून मूठ उगारून सगळ्यांना मी वरच्या पट्टीत गायला लावलं. गळे म्हातारे होत गेले, पट्टी हलली नाही. शेवटच्या कडव्यापर्यंत मी एकटाच पोचायचो आणि त्याला नेतृत्व म्हणायचो. आमच्या सौभाग्यवती म्हणायच्या, "अहो, मागे वळून बघा तरी. गाताहेत की खोकताहेत?" तालमींना माणसं येईनात. मंडळाला कुलूप लागायची वेळ आली.

तेव्हा मावशींनी, म्हणजे वयानं माझ्याहून लहान पण सगळ्यांच्याच मावशी, त्यांनी ही बॅरिटोन गिटार हातानं घडवली. दांडी लांब, तारा जाड, पोट माझ्यासारखं, आवाज खर्जातला. शिवाय ओपन ट्युनिंगची. एकही तार न दाबता हात फिरवा, अख्खी कॉर्ड, म्हणजे जुळणाऱ्या सुरांचा जुडगा, वाजते.

मी म्हटलं, "मावशी, ही बिघडलीय. बोट न लावता वाजते!"

"दादा, तुम्हीही तसेच वाजता की!"

हसा, हसा. पण त्या सुरात आपले मागच्या रांगेतले ड्रायव्हरकाका पहिल्यांदा अख्खं गाणं गायले. गेलेली माणसं परत आली. मी व्याख्यानं झोडून जी जमली नाहीत, ती एका लाकडी खोक्यानं जमवली!

आता मावशी लेकीकडे राहायला निघाल्या. गिटार इथेच ठेवताहेत. वाजवणार कोण? कोणीच नसेल तर पट्टी पुन्हा माझ्या हातात, आणि महिन्याभरात हे सभागृह ओस. मावशींनी माणूस निवडला. मला! कारण विचारलं, तर म्हणाल्या, "दोन्ही हात गुंतले म्हणजे मूठ उगारता येत नाही."

एक बोट आडवं टाकायचं, की दुसरी कॉर्ड. इतकं सोपं. पण माझी बोटं टेबलं बडवून तयार झालेली. कालच्या तालमीत मावशींचा ओरडा खाल्ला, "हळू, दादा! ती बहिरी नाहीय."

मावशी, तुम्ही कायम वाजवत बसलात, म्हणून रांगेत उभं राहून कधी गायलाच नाहीत. आज त्या खुर्चीवर मी बसतो. तुम्ही ड्रायव्हरकाकांशेजारी उभ्या राहा. सूर खालीच धरीन, शब्द देतो.

आपण सर्वांनी मला सहन केलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. वाजवण्यात होईल ते मात्र घालू नका. मावशींची गाडी सुटायच्या आत सांगा.