कुंपणापलीकडची शीळ

बाळाला मांडीवर घेऊन मी जनावरांच्या दवाखान्यात मांजरीच्या इंजेक्शनसाठी थांबले होते. समोर म्हातारा हॉलिस, त्याच्या पायाशी शिकारी कुत्री पर्ली, तीही म्हातारीच. शेजारी डेलबर्ट आणि त्याची बायको नेडीन.

“हिला कशाला सुया टोचतोस, हॉलिस? यंदा टेक्सासात शिकारीला औषधालाही लावा पक्षी मिळायचा नाही,” डेलबर्ट म्हणाला.

“गेल्या वर्षीही तू हेच म्हणालास.”

“गेल्या वर्षी वसंतात पाऊस झाला. इतके थवे, की एखादा लावा तुझ्या बंदुकीलाही लागला. यंदा गवतच नाही, अंडी घालणार कुठे?”

“एक नर आहे. रोज पहाटे मी आपल्या दोघांच्या रानांमधल्या कुंपणाशी लाव्यासारखी शीळ घालतो, तो तुझ्या रानातून उत्तर देतो. पर्लीचा हा शेवटचा हंगाम, डेलबर्ट. एकदा तरी लाव्याचा वास मिळू दे तिला.”

“माझ्या रानातून? कुठून?”

“ओढ्यापाशी फाटक आहे ना, तिथून.”

“अगं बाई!” नेडीन नवऱ्याच्या कानाशी लागली. “तिथे तर रोज तूच शीळ घालतोस! आणि घरी येऊन मला सांगतोस, पलीकडून लावा बोलतो म्हणून—”

“नेडीन, कॉफी आण बघ जरा.”

“काय कुजबुजताय रे?”

“काही नाही. शीळ कशी आहे म्हणालास तुझ्या लाव्याची?”

“बेसूर. पण हौशी आहे.”

“बेसूर?”

“आणि धाप लागल्यासारखी. वय झालं असेल बिचाऱ्याचं.”

“वयबिय काही नाही! उद्या किती वाजता जाणार आहेस तू?”